दोन मजली सायकल रस्त्यावर आणायची की नाही? (चर्चा)

वाकडा_हँडल (नेरूळ):
रविवारी सकाळी पाम बीच रोडवर एक पोरगा डबल फ्रेमची सायकल चालवत होता, म्हणजे एका फ्रेमवर दुसरी फ्रेम वेल्ड केलेली आणि सीट जवळजवळ आपल्या डोक्याएवढी उंच. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला तर निम्मे म्हणाले लय भारी, निम्मे म्हणाले जप्त करा. माझं मत, असल्या सायकली बनल्या पाहिजेत आणि रस्त्यावर दिसल्याही पाहिजेत. आज दुकानात मिळते ती सायकल मुळात १८८५ च्या रोव्हर नावाच्या सायकलचीच नात, दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. त्याआधी पुढचं चाक अवाढव्य असायचं कारण पॅडल थेट चाकालाच, एका फेरीत जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं करा. तेव्हा तीच नॉर्मल होती की.

रबाळे_फॅब्रिकेटर:
आणि ती मोठ्या चाकाची का बंद पडली तेही सांगा ना. ब्रेक लागला की माणूस तोंडावर. वजन जितकं उंच आणि पुढच्या चाकाच्या जितकं जवळ तितकी सायकल लवकर पुढे उलटते, तुमच्या हिरोचं पण तेच होणार. दुसरं म्हणजे वेल्डिंग. सायकलची नळी पातळ असते, गेटच्या ग्रिलला मारतो तसा आर्क मारला की भोक पडतं, नाहीतर जोडाच्या बाजूला चीर जाते आणि ती रंगाखाली दिसतच नाही. ब्रेझिंग पाहिजे, म्हणजे नळी न वितळवता पितळेने जोड, नाहीतर टिग, म्हणजे बारीक, ताब्यातल्या आर्कचं वेल्डिंग. व्हिडिओत हेडजवळचे, म्हणजे हँडलच्या नळीजवळचे टाके बघून पोटात गोळा आला राव.

वाकडा_हँडल:
टाक्यांचं मान्य. पण उंच सायकल बॅलन्सला सोपी असते, ती सावकाश कलते, तेवढा वेळ हँडल वळवायला मिळतो.

येऊर_चढ:
धागाकर्त्याला अनुमोदन. वेड्या डिझाइनलाच लोक घाबरतात. १९३३ ला फ्रान्समध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या रायडरने झोपून चालवायच्या सायकलवर तासात ४५ किमीच्या वर जाऊन १९ वर्षं जुना रेकॉर्ड मोडला, तो काही टॉपचा रायडर नव्हता, फरक सायकलचा होता, आडवं झालं की हवा कमी अडते. मग पुढच्याच वर्षी रेसिंगवाल्यांनी सायकलची व्याख्याच अशी केली की ही बाद. १९९३ ला स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने घरी बनवलेल्या सायकलवर तासात ५१.५९६ किमी काढले, बेअरिंग वॉशिंग मशीनचं! त्याची बसायची पद्धतसुद्धा पुढच्या वर्षी बंद केली.

रबाळे_फॅब्रिकेटर:
अहो ते ट्रॅकवर! घोडबंदरला चालवायची नव्हती त्यांना. झोपून चालवायची सायकल कंटेनरवाल्याला केबिनमधून दिसणार पण नाही, झेंडा लावा नाहीतर काही लावा.

सीवूड्सची_मावशी:
तुम्ही सगळे फॉरेनच्याच गप्पा मारा. धारवाला सायकल स्टँडवर लावतो, पॅडल मारून दगड फिरवतो आणि सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. रात्रीचा चहावाला टाकी, कप, बिस्किटं सगळं कॅरियरवर लटकवून फिरतो. हे डिझाइन नाही का? त्यांचे व्हिडिओ काढून कोणी लय भारी म्हणत नाही, उलट फुटपाथवरून हाकलतात. पोराने केलं की कला.

येऊर_चढ:
मावशी 🙏 हा मुद्दा खरंच सुटला होता.

रबाळे_फॅब्रिकेटर:
मावशी, पण धारवाला दगड फिरवतो तो सायकल उभी करून. फ्रेमला हात लावलेला नसतो, रस्त्यावर आला की साधीच सायकल. माझा आक्षेप तेवढाच आहे. साध्या सायकलला नोंदणी नाही, पासिंग नाही, म्हणजे तपासायला कोणी येणार नाही, मग बनवणाऱ्यानेच तपासायला नको? बाकी ग्राउंडमध्ये तीन मजली करा.

कोपरी_कट्टा:
आमच्याकडे एकाने सायकलला मोटर बसवलीय, गाडी बाइकच्या बरोबरीने पळते आणि म्हणतो सायकलच आहे. २५० वॅट किंवा ताशी २५ किमीच्या वर गेलं की ते मोटार वाहन होतं, मग लायसन्स, इन्शुरन्स सगळं आलं.

वाकडा_हँडल:
मोटरचा विषय वेगळा, इथे नको. फॅब्रिकेटर दादा, तुम्ही बघून द्याल का फ्रेम? पोरगा ओळखीचा निघाला.

रबाळे_फॅब्रिकेटर:
आणा. रंग खरवडून आणा, तसाच हात लावणार नाही. दोन्ही ब्रेक पाहिजेत. आणि सिग्नलला तो पाय कुठे टेकतो?

वाकडा_हँडल:
टेकत नाही. खांब पकडतो.

कोपरी_कट्टा:
आणि खांबाजवळ बस उभी असली तर?

वाकडा_हँडल:
मग बस पकडतो 😄

रबाळे_फॅब्रिकेटर:
नका आणू.