छोट्या वर्कशॉपमध्ये सगळी मशिनं आणि वर्कबेंच एकाच उंचीवर आणावीत का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझं वर्कशॉप १२ बाय १६ फुटांचं आहे. टेबल सॉचा (टेबलातून गोल पातं वर आलेलं, फळ्या चिरायचं मशीन) टॉप जमिनीपासून ८६५ मिमी, त्याच्या मागचं वर्कबेंच ९१०, थिकनेसरचा (फळी सारख्या जाडीची करणारं मशीन) बेड ७८०. मायटर सॉ (लाकूड आडवं किंवा कोनात कापायची, वरून खाली येणारी करवत) एका जुन्या टेबलावर ठेवलाय, त्याचा बेड ९६० भरतो. जागा एवढीशी, त्यामुळे लांब फळी कुठेही घेतली की तिचं दुसरं टोक शेजारच्या मशीनवर जातंच.

गेल्या आठवड्यात ७ फुटी फळी उभी चिरत होतो. निम्म्याच्या पुढे गेलो आणि फळी अचानक थांबली. पुढचं टोक बेंचच्या कडेला जाऊन टेकलं होतं. पातं फिरतंय, मी मागून ढकलतोय आणि फळी हलत नाही. तशीच दाबून धरली आणि गुडघ्याने स्विच बंद केला. कापावर पात्याचा करपलेला काळा अर्धगोल उमटलाय. तो तुकडा मी अजून समोर भिंतीला लावून ठेवलाय.

आता वाटतंय, सगळंच ८६५ ला आणावं. बेंचचे पाय ४५ मिमी कापू का? माझी उंची ५ फूट ८ इंच आहे आणि हाताने रंधा मारण्याचं काम बरंच असतं.

उत्तर १

थोडक्यात वाचलात. पात्यामागची रायव्हिंग नाइफ (चिरलेला काप मिटून पात्याला आवळू नये म्हणून असलेली पट्टी) काढलेली असेल तर आधी ती परत बसवा, उंचीचं नंतर.

बेंच सॉच्या बरोबरीला आणू नका, अर्धा सूत (साधारण दीड मिमी) खाली ठेवा. बरोबरीला आणलं तर हवा बदलली की लाकडाचा टॉप फुगतो आणि फळी पुन्हा अडते. सॉकडची बेंचची कड रंध्याने थोडी उतरती करा, म्हणजे लोंबतं टोकही वर चढतं. आणि मायटर गेजची (लाकूड कोनात धरून ढकलायचा सरकता टेकू) पट्टी सॉच्या टॉपबाहेर येते, तिच्यासाठी बेंचवर खाचा लागतील. सॉच्या खाचेपेक्षा चांगल्या रुंद पाडा.

उत्तर २

पाय कापायच्या आधी थांबा. मी हीच गोष्ट घाईने करून दोन वर्षं खांदेदुखी सोसली आहे.

माझी उंची ५ फूट १ इंच. मी वर्कशॉप लावलं तेव्हा सगळं सॉच्या उंचीला, ८७० ला आणलं. बघायला फार छान दिसायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सपाटी. पण त्या बेंचवर जॅक प्लेन (हाताचा लांब रंधा) घेऊन उभी राहिले की कोपरं बाहेर जायची आणि सगळा जोर दंडातून लावावा लागायचा. ढलपी फळीच्या मध्यावर तुटायची. मी पातं पुन्हा पुन्हा धार लावून बघत होते, दोष पात्याचा नव्हताच. रंधा मारताना वजन पायातून आणि कमरेतून यायला हवं, हातांनी फक्त दिशा द्यायची. त्यासाठी बेंच खाली हवं.

माप असं घ्या. कामाच्या चपला-बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीची जमिनीपासूनची उंची मोजा. रंध्याच्या कामाला बेंच त्या आसपास किंवा थोडं खाली. माझं ७७५ आलं. बेंच तिथे उतरवलं त्या दिवशी पहिल्यांदा ४ फुटी फळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड ढलपी निघाली. डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा सांधा) कापायला आणि पटाशीच्या बारीक कामाला मात्र तेवढं बेंच फार खाली पडतं, मान वाकते. त्यासाठी १५० मिमी उंचीचा एक छोटा बेंच केलाय, तो मोठ्यावर क्लॅम्पने पकडते.

मग सॉच्या मागे काय? तिथे बिजागरीवरचं पान लावलं, काम झालं की खाली पाडते. लाकूड ज्या वाटेने जातं त्या वाटेवरची उंची मशीनशी जुळवायची, हाताच्या कामाची उंची अंगाशी. तुमच्या उंचीला या दोन्ही गोष्टी एका बेंचवर जमतीलही, पण ते मोजल्यावर कळेल.

आणखी एक, हे नक्की करा: टेपने जमिनीपासून मोजू नका. वर्कशॉपच्या जमिनीला बहुतेक वेळा उतार असतो. मी सॉ ८७० आणि टेबल ८६८ मोजून ठेवलं होतं, लांब सरळपट्टी टाकली तर टेबल ९ मिमी वर! पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, एका टोकातलं पाणी सॉच्या टॉपच्या पातळीला येईल असं धरा आणि दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबेल तिथे बेंचच्या पायावर खूण करा. चारही पायांवर वेगवेगळी.

उत्तर ३

थिकनेसरबद्दल. काहींचा बेड स्थिर असतो आणि कटरहेड (पाती बसवलेला फिरता भाग) वर-खाली होतं, काहींचा बेडच हलतो. पहिल्या प्रकारचा असेल तर स्टँड उंच करून बेंचच्या पातळीला आणता येईल. दुसऱ्या प्रकारात जाडीबरोबर बेडची उंची बदलते, तिथे पातळी जुळवायच्या मागे लागू नका.

मायटर सॉचं मात्र जुळवाच, आणि अगदी बारकाईने. आधाराची बाजू २-३ मिमी जरी वर असली तरी लांब लाकूड बेडवरून उचललं जातं, आणि कापाला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की उजेड दिसतो. ब्लेडखालच्या बेडची जाडी मोजा आणि टेबल आधाराच्या पातळीपेक्षा तेवढं खाली घ्या.

बँड सॉ (उभ्या पट्टीच्या पात्याची करवत) पुढेमागे घेणार असाल तर तो उंचच राहू द्या. टेबल सॉच्या फेन्सच्या (लाकूड टेकवून ढकलायची उभी पट्टी) वरून लाकूड गेलं की झालं.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रायव्हिंग नाइफ खोक्यातच होती, बसवली.

मनगट ८५८ भरलं. म्हणजे ९१० चं बेंच मला रंध्यासाठीही उंचच होतं, आणि मी थकवा वयावर ढकलत होतो. पाण्याची नळी लावली तर बेंचखालची जमीन सॉपेक्षा ७ मिमी खाली निघाली, दाराकडचा एक पाय तर ११. म्हणजे सॉच्या २ मिमी खाली यायला बेंच फक्त ४० उतरवायचं होतं. टेपवर भरवसा ठेवून ४५ कापलं असतं तर चुकलंच असतं. आता चारही पाय ५५ कापून खाली लेव्हलिंग बोल्ट लावले आणि एकेक पाय फिरवत वर आणला. कडेला उतार दिला, खाचा पाडल्या, बेंचच्या शिकंज्याच्या जबड्याची वरची कड टॉपच्या खाली घेतली.

काल तशीच ७ फुटी फळी चिरली. सरळ बेंचवर जाऊन विसावली. मायटर सॉचं टेबल या रविवारी घेतो.