कामावर माणसांचं ऐकून घेणं मालकांना इतकं जड का जातं?

डिस्पॅचवाला
सहा वर्षं एका गोडाऊनला डिस्पॅचमध्ये होतो. ऑर्डरची यादी हातात यायची ती मालाच्या नावाच्या क्रमाने आणि माल मात्र लावलेला रॅकप्रमाणे, त्यामुळे पहिली वस्तू या टोकाला, दुसरी त्या टोकाला, तिसरीसाठी परत इकडे, दिवसभर नुसत्या येरझाऱ्या, संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. पहिल्याच महिन्यात साहेबांना म्हटलं यादी रॅक नंबरने काढा ना, तर म्हणे सिस्टीममध्ये असंच येतं. परत विचारलं तर "सांगितलंय तेवढं कर". मग मी गप्प बसलो, बाकीचे तर माझ्या आधीच गप्प झालेले. पाचव्या वर्षी नवीन मॅडम आल्या, एक दिवस यादी घेऊन आमच्याबरोबर फिरल्या आणि आठवड्यात क्रम बदलून दिला. फक्त सॉर्टिंग बदलायचं होतं हो! इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, विचारणारं कोणी नव्हतं. जो काम करतो त्याला त्यातली खोट सगळ्यात आधी कळते, मग त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं?

स्वतःचा धंदा
तुमचं उदाहरण पटलं, पण मालकाच्या जागी बसून बघा. माझ्याकडे चौदा माणसं आहेत. ऐकायला बसलं की चौदा मतं, आणि त्यातली अर्धी एकमेकांच्या विरुद्ध. मागे सगळ्यांना विचारून शिफ्टच्या वेळा बदलल्या, तर दोन महिन्यांत ज्यांनी मागणी केली होती तेच परत तक्रार घेऊन आले. कर्जाचा हप्ता माझ्या नावावर आहे, माल लेट झाला तर पार्टीची बोलणी मी खातो. शेवटी निर्णय एकानेच घ्यावा लागतो.

रात्रपाळी
निर्णय तुम्हीच घ्या, कोण नाही म्हणतंय. ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे. नाही म्हणा पण का नाही ते सांगा, माणूस तेवढ्यावरही समजून घेतो. काहीच उत्तर आलं नाही की मात्र तो पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगाराला दोरी ओढायची मुभा असते, ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि गाडी त्या टप्प्यातून पुढे जाईपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. मला यात भारी वाटतं ते हे की दोरी ओढली की कोणीतरी येतंच.

हिशेबनीस
ते टोयोटाला परवडतं, धावत यायला तिथे वेगळा माणूस ठेवलेला असतो. आणि एक कोणी बोलत नाही, ऐकायची पद्धत सुरू झाली की जो मोठ्याने बोलतो त्याचंच ऐकलं जातं. आमच्या ऑफिसात हेच झालं, दोघातिघांच्या सोयीने सगळे नियम बदलले आणि खाली मान घालून काम करणारे मागे राहिले. त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम बरा.

डिस्पॅचवाला
मग न बोलणाऱ्यांकडे आपणहून जा ना. आणि धोक्याची गोष्ट असेल तर? 28 जानेवारी 1986, अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान. आदल्या रात्री त्याचे बूस्टर, म्हणजे यान वर ढकलणारी रॉकेटं, बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं की एवढ्या थंडीत सांध्यातल्या रबरी रिंगा नीट बसणार नाहीत, उड्डाण करू नका. वरिष्ठांनी त्यांचं म्हणणं बाजूला ठेवून होकार कळवला. 73 सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले.

हिशेबनीस
वाईटच झालं ते. पण घडून गेल्यावर कुणाचं खरं होतं ते सगळ्यांनाच दिसतं. वरच्या माणसाकडे रोज दहा इशारे येत असतात, प्रत्येकाला थांबत बसलं तर काहीच सुरू होणार नाही.

रात्रपाळी
दहातला एक नव्हता हो तो. आधीच्या उड्डाणांनंतर परत आलेल्या बूस्टरमध्ये त्या रिंगा झिजलेल्या दिसल्या होत्या, पुरावा हातात होता. त्या रात्री तर चर्चेत उलट इंजिनिअरांनाच धोका आहे हे सिद्ध करून दाखवावं लागत होतं, आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला सांगितलं गेलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. इशारे खूप येतात हे मान्य, पण सांगणारा कोण आहे आणि कशाच्या आधारावर सांगतोय एवढं तरी बघाल की नाही? पंधरा वर्षं त्याच मशीनवर असलेला माणूस म्हणाला आवाज बदललाय, तर ते आणि पंख्याची तक्रार एकाच मापाने कशी मोजता?

स्वतःचा धंदा
आवाजाचं वाचून थांबलो जरा. आमच्या जुन्या ऑपरेटरने मागच्या वर्षी दोनतीनदा सांगितलं होतं की बेअरिंग वाजतंय, मी म्हटलं ऑर्डर निघू दे मग बघू. नंतर ते मशीन भर सीझनमध्ये बसलं. तेव्हापासून तो काही सांगायला आलाच नाही, आणि मला वाटायचं आता सगळं नीट चाललंय. सगळ्यांची सगळी मतं ऐकत बसणं मला आजही जमणार नाही, शिफ्टचं तर मुळीच नाही. पण सोमवारी त्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहतो. तो आधी बोलेल असं वाटत नाही, मलाच सुरुवात करावी लागेल.