'लिक्विड स्मोक'ला मराठीत काय म्हणावं?

पाटावरवंटा :
न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी वांग्याच्या भरिताची कृती लिहायला घेतली आणि एका शब्दावर अडले. घरात विजेची शेगडी, त्यामुळे वांगं ओव्हनमध्ये जातं. मऊ छान होतं, पण भाजल्याची चव काही येत नाही. म्हणून शेवटी लिक्विड स्मोकचे थेंब घालते. याला मराठी शब्द आहे का? 'द्रवरूप धूर' लिहून पाहिलं, तर रसायनशास्त्राच्या तासाला बसल्यासारखं वाटलं. बाटली कोणती घ्यावी, कशी ठेवावी हेही दोन ओळींत लिहायचंय. जाणकारांनी सांगावं.

रिकामटेकडा :
धूम्रार्क. ऐटदार आहे, खपून जाईल.

उंबरठा :
ऐटदार आहे, पण धूम्र म्हणजे धूर नव्हे, धुराच्या रंगाचा. गणपतीचं 'धूम्रवर्ण' हे नाव आठवा. धुराला संस्कृतात धूम म्हणतात. म्हणून तर आकाशात दिसतो तो धूमकेतू, आणि आयुर्वेदात औषधी धूर ओढायचा उपचार आहे तो धूमपान. मराठीत त्याचं धूम्रपान झालं, इतकं रुळलं की आता हलवण्यात अर्थ नाही. पण नवा शब्द घडवताय तर धूमार्क म्हणा.

'अर्क' मात्र चपखल बसला. ओव्याचा अर्क काढतात तो वाफ धरून, गार करून. इथेही तेच. लाकडाचे तुकडे कमी हवेत धुमसत ठेवायचे, निघालेला धूर गार करून पाण्यात उतरवायचा, त्यातलं डांबर गाळून टाकायचं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्याने १८९५च्या सुमारास असा धूर बाटलीत भरून विकायला काढला. औषधवाल्याच्या दुकानातून आला, म्हणजे अर्कच की!

रिकामटेकडा :
धूमार्क ऐकून धूम ठोकावीशी वाटते.

कपाशीकाडी :
आम्ही जळगावकडचे. भरिताची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. त्या चवीला आम्ही काय म्हणतो? 'काड्यांवरचं भरीत.' बस्स. धुराचं नावसुद्धा नाही त्यात.

आणि मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. मराठीत धुराच्या चवीचं कौतुक करायला 'धूर' हा शब्द कुणी वापरतच नाही. धूर म्हटला की तक्रार. दूध धुरकटलं. चहाला धूर लागला. आमटीला धुरकट वास येतोय, कुणी लक्ष दिलं नाही वाटतं. कौतुक करायचं असेल तेव्हा आपण विस्तवाची जागा सांगतो : चुलीवरची भाकरी, आगटीतला हुरडा, निखाऱ्यावरचा बांगडा. रायगडकडची पोपटी घ्या. भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगांचं मडकं पेंढ्यात पेटवतात, निम्मी मजा त्या धुराची, पण नावात त्याचा पत्ता नाही. हायवेवरच्या पाट्या तर बघाच. चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, आता चुलीवरचा चहा. (मागे सिलिंडर दिसतो तो भाग वेगळा.)

तेव्हा ताई, बाटलीला काहीही म्हणा, पण कृतीत 'धुरकट चवीसाठी' लिहू नका. वाचणारीला वाटेल भरीत बिघडवायला सांगताय.

उंबरठा :
मान्य, एक अपवाद सोडून : धुरी. धूर आपोआप लागतो, धुरी मुद्दाम देतात. न्हाऊन आलेल्या बाळाला ओव्याची, डासांना कडुलिंबाच्या पाल्याची. मिरच्यांची धुरी तर शिक्षा म्हणूनही देत. ताकाला किंवा वरणाला देतात तीही धुरीच : वाटीत निखारा, वर तुपाचे दोन थेंब, पातेल्यावर झाकण. हल्ली कृतींमध्ये 'धुंगार' लिहितात, तो हिंदीतून आलाय. त्याबद्दल माझी कुरकूर नाही. कुरकूर आहे ती 'कोळसा ठेवा' लिहिण्याबद्दल. काळ्या कोळशाने काय होणार? फुललेला असेल तर तो निखारा.

पण बाटलीतल्या वस्तूला धुरी म्हणता येणार नाही. धुरी ही क्रिया, अर्क ही वस्तू.

टेक्सासची सून :
शब्दांचं तुम्ही बघा, मी बाटलीचं सांगते. मागची बारीक अक्षरं वाचा. पाणी आणि धूर एवढंच असेल तर उत्तम. काहींत काकवीसारखी मळी, कॅरॅमलचा रंग, व्हिनेगर, मीठ असतं. बार्बेक्यूला ते चालतं, भरीत मात्र उगाच गोडसर होतं. हिकरीचा धूर कडक, सफरचंदाच्या लाकडाचा सौम्य, मेस्कीटचा सगळ्यांत उग्र. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, आणि स्वभावही तसाच! भरिताला मी सफरचंदाचा घेते.

एका मोठ्या वांग्याला दोन-तीन थेंब पुरतात. तेही चमचाभर तेलात किंवा दह्यात आधी कालवून. पहिल्या वेळी मी अर्धा चमचा थेट ओतला होता. ते भरीत नंतर कुत्र्यानेही हुंगून सोडलं.

ठेवायची ती झाकण घट्ट लावून, शेगडीपासून आणि उजेडापासून लांब. मुळात आंबट असल्याने बहुतेक बाटल्यांना फ्रिज लागत नाही, पण मळी-बिळी घातलेली असेल तर लेबलावर लिहिलंय तसं करा. चहाच्या डब्याशेजारी मात्र कधीच नको. मी ठेवली होती. महिनाभर चहाला, वर म्हटलंय तसा, धूर 'लागला'.

कोळसा पेटवायचा मोह होतो, पण बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो. खिडकी उघडी नसेल तर त्या भानगडीत पडू नका. बाटलीही अगदीच निर्दोष आहे असं नाही. युरोपीय संघाने २०२४मध्ये ८ धूर-स्वादांचे परवाने आरोग्याच्या शंकेवरून पुढे वाढवले नाहीत. थेंबावारी वापरा, पळीवारी नको.

पाटावरवंटा :
सगळ्यांचे आभार. धूमार्क बरोबर असेल, पण आमच्या मंडळातल्या काकू तो पूजेच्या सामानात शोधतील. असं लिहितेय : "चुलीवरच्या भरिताची चव हवी असल्यास धुराच्या अर्काचे (दुकानात लिक्विड स्मोक मागावा) दोन थेंब तेलात कालवून घालावेत." चालेल?

कपाशीकाडी :
'चव हवी असल्यास' नको, 'आठवण हवी असल्यास' लिहा. चव काड्यांशिवाय येत नसते.

रिकामटेकडा :
'अर्क'ही जपून वापरा. आमच्या घरी तो शब्द निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.