विषय: सुल्काटाचं पिल्लू थंडीत अंगणात राहील का?

चँडलरकर:

नमस्कार मंडळी,

आपल्या फिनिक्सच्या (अ‍ॅरिझोना) मराठी मंडळींच्या मेलांमध्ये मधेच हा विषय आणतेय, संयोजकांनी रागावू नये. लेकीच्या मैत्रिणीकडच्या सुल्काटा कासवाने अंगणात अंडी घातली होती. त्यातलं एक पिल्लू आता आमच्याकडे आलंय. जेमतेम तीन इंचांचं आहे. रोमेन (सॅलडचा पाला) आणि काकडी मिटक्या मारत खातं. शेजारचे म्हणाले, "वाळवंटातलं जनावर, तुम्हीही वाळवंटात राहता, सोडा मागच्या अंगणात. थंडीत कुत्र्याच्या घरात लाल बल्ब लावून द्या." एवढं सोपं आहे का हो? नोव्हेंबर आलाच, म्हणून विचारते. आपल्यापैकी कुणी पाळलंय का?

मेसाकाका:

ताई,

पाळलंय, आणि आमचं धूड आता मला एकट्याला उचलत नाही. शेजाऱ्यांचं वाळवंटाचं गणित मात्र पिल्लाला लागू पडत नाही.

सुल्काटा मूळचं सहाराच्या दक्षिण काठावरच्या साहेल पट्ट्यातलं, सेनेगलपासून पार सुदान-इथिओपियापर्यंतचं. तिथे ऊन आहे, पण आपल्यासारख्या डिसेंबरातल्या गारठलेल्या रात्री नाहीत. आणि कडक उन्हाच्या वेळी ते बिळात असतं. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच दमट. आपल्या फिनिक्सच्या कोरड्या हवेत, त्यातून एसी-हीटर चालू असलेल्या खोलीत, पिल्लू उघड्या ट्रेमध्ये ठेवलं की पाठीवरचा एकेक खवला सुळक्यासारखा वर येतो. याला पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी लोक प्रथिनांना दोष द्यायचे. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुल्काटाच्याच पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की खरा फरक हवेतल्या ओलाव्याने पडतो, प्रथिनांचा वाटा किरकोळ. एकदा आलेले सुळके पुन्हा सपाट होत नाहीत, म्हणून पहिली दोन वर्षं महत्त्वाची.

तेव्हा सध्या मुक्काम घरातच. वरून झाकलेली मोठी पेटी, तळाला ओलसर नारळाचा भुसा, कुठल्याही कोपऱ्यात ८० फॅरनहाइटच्या खाली जायचं नाही, शेकायच्या दिव्याखाली ९५ ते १००. अतिनील किरणांसाठी लांब ट्यूब घ्या, गुंडाळीचे बल्ब नकोत. रोज वीसेक मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. ते त्या पाण्यात घाण करणार, तेच हवंय. फक्त हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नका. कासवांच्या घाणीतून पसरणाऱ्या साल्मोनेला जंतूंमुळेच अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. लेकीला हात धुवायची सवय आत्ताच लावा.

बाहेर न्यायचं ते ऊबदार दुपारी तास-दोन तास, आणि वरून जाळी मारलेल्या कुंपणातच. डोमकावळे, ससाणे, रोडरनर, सगळ्यांना ते लाडवासारखं दिसतं. शेजारचा गोड कुत्रा तर सगळ्यात वाईट. कायमचं बाहेर काढायचं ते आठ-दहा इंचांचं झाल्यावर, तेही उन्हाळ्याच्या तोंडाशी, थंडीच्या तोंडाशी नव्हे.

एक घोळ आधीच मिटवतो. कुणीतरी तुम्हाला सांगेल की कासवं थंडीत झोपतात. इथलं सोनोरन वाळवंटी कासव झोपतं. ते गेम अँड फिश या राज्याच्या वन्यजीव खात्याकडून दत्तक मिळतं, त्याचे नियम वेगळे. सुल्काटा झोपत नाही. थंडीत ते हलेनासं झालं तर ती झोप नाही, ते गारठलेलं आहे. थंडी आणि ओल एकत्र आली की फुप्फुसाचा आजार ठरलेला. पिल्लाला ओल द्या म्हणतो ती उबेतली ओल.

खाण्याचं उद्या लिहितो, हात दुखला.

ग्लेनडेलच्या मावशी:

काका उद्या लिहितील तोवर मी लिहिते, कारण भावाच्या सुल्काटाला उन्हाळाभर मीच खाऊ घालते.

त्याला गाय समजा. गवत, गवत आणि गवत. रोमेन विषारी नाही, पण त्यात पाणीच जास्त. इथल्या लॉनमधलं बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. पिल्लाला कोवळी टोकं कात्रीने बारीक करून द्या. त्यावर जास्वंदीची फुलं-पानं, तुतीची पानं, द्राक्षाची पानं, आणि निवडुंगाचे फडे. मेक्सिकन दुकानात काटे काढलेले मिळतात. मोठं झालं की वाळलेलं ऑर्चर्ड ग्रास नाहीतर टिमोथी. लहानपणी वाळलेलं गवत खात नाही, तेव्हा भिजवून, बारीक करून पाल्यात मिसळत राहायचं, म्हणजे चव ओळखीची होते. पेटीत एक कटलबोन (माकुळाचं पांढरं हाड) टाकून ठेवा, कॅल्शियम हवं तेव्हा कुरतडेल.

फळं नकोत, पालक रोज नको. पोळी, वरणभात, कुत्र्याचं खाणं अजिबात नको. घरी आजी-आजोबा येणार असतील तर हे फ्रिजवर लिहून लावा. ते ऐकत नाहीत.

आणि अंगण तपासा! इथे निम्म्या घरांना कण्हेरीचं कुंपण असतं आणि उरलेल्यांना घाणेरी. दोन्ही विषारी. कण्हेरीचं एक वाळकं पान वाऱ्याने उडून आलं तरी उचलायचं. ऑक्टोबरात बर्म्युडावर राय गवताचं बी पेरतात, ते गवत ती आवडीने खातात, पण खत टाकलेलं किंवा तणनाशक फवारलेलं लॉन असेल तर तिथे फिरकू देऊ नका.

टेम्पेकर:

लाल बल्बचं राहिलं, त्यावर मी. वरून टांगलेला तापता बल्ब मोठ्या कासवाची पाठ भाजतो आणि पोट गारच ठेवतो, कारण त्याची पाठ बल्बच्या अगदी जवळ येते. खाली पेंढा असेल तर आगीचा धोका वेगळाच. कासव उबवायचं नसतं, खोली उबवायची असते.

मी भावजींसाठी बांधली ती पेटी अशी: बाहेरून चार फूट बाय चार फूट, उंची दोन फूट, पाऊण इंची प्लायवुड. आतून दीड इंची फोमच्या शीट, सहाही बाजूंना. लोक तळ विसरतात आणि मग वीजबिलाला रडतात. फोमवर पुन्हा पातळ प्लाय, नाहीतर ते फोम खातं. झाकण बिजागरीचं, म्हणजे साफसफाई करता येते. दाराला कोल्ड स्टोरेजला असतात तसल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, दाराचं तोंड दक्षिणेला. आत एका कोपऱ्यात तेल भरलेला छोटा रेडिएटर, त्याच्यापुढे भक्कम आडोसा, कारण ते ढकलतं. थर्मोस्टॅट ८० वर. वायर पाइपातून, प्लग शॉक तोडणाऱ्या जीएफसीआय सॉकेटमध्ये. आतल्या तापमानाचा आकडा घरात दिसेल असा थर्मामीटर ठेवा. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री सरासरी पंचेचाळीस फॅरनहाइटच्या आसपास असतात आणि एखाद-दुसरी गोठणबिंदूखाली जाते. हीटर नेमका त्याच रात्री बंद पडतो.

सुरुवातीला ते आपणहून आत जात नाही. संध्याकाळी उचलून ठेवायचं, दार लावायचं. काही आठवड्यांत सवय होते.

मेसाकाका:

रेडिएटरला माझा विरोध नाही, पण धूड वाढलं की आडोसा टिकत नाही. मी छताला रेडिएंट हीट पॅनल आणि खाली डुकरांच्या पिल्लांसाठी मिळतो तो जाड हीट मॅट लावलाय. महाग आहे, पण निर्धास्त झोपतो.

गिल्बर्टकर:

सगळे पेटीवर बोलताय, मी थोडं कडू बोलतो. मी शनिवारी एका रेस्क्यूत, म्हणजे नकोशी झालेली जनावरं सांभाळतात तिथे, मदतीला जातो. तिथे सुल्काटांना जागा उरत नाही. गॅलापागोस आणि अल्दाब्राच्या बेटांवरच्या कासवांनंतर जगातलं हेच सगळ्यात मोठं. मादी पस्तीस-चाळीस किलो, नर पन्नासच्या पुढे सहज. सत्तरी ओलांडणारं जनावर. गंमत बघा, जंगलातून पकडलेल्या सुल्काटांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा २००० सालापासून शून्य आहे, कारण साहेलमध्ये ते संपत चाललंय. आणि आपल्या फिनिक्स परिसरात फुकट देऊनही कुणी घेत नाही.

ते खणतं. गमतीने नव्हे, दहा-दहा फूट. ब्लॉकच्या भिंतीखालून, घराच्या पायाखालून. २०२३ मध्ये सलग एकतीस दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा वर होता, तेव्हा त्याला बीळ हवंच, मग ते कुठे खणायचं हे तुम्ही ठरवा, त्याच्यावर सोडू नका. जुलैच्या मॉन्सूनात बिळात पाणी शिरतं, म्हणून तोंड उंचवट्यावर. आणि कंपनी म्हणून दुसरं आणू नका. दोन सुल्काटा ठेवले की एक दुसऱ्याला दाबतो, आणि हे शांतपणे चालतं, त्यामुळे लक्षातही येत नाही.

घर भाड्याचं आहे का तुमचं? पुढेमागे पुण्याला परत जायचा विचार? तर ते बरोबर येणार नाही, असं धरून आजच बोला घरात. मोठं झाल्यावर द्यायला येतात ती माणसं वाईट नसतात, फक्त उशिरा येतात.

चँडलरकर:

घर आमचंच आहे, परत जायचं अजून ठरलेलं नाही. कालपासून नवऱ्याशी तेच बोलणं चाललंय. लेक अकरा वर्षांची आहे, कासव तिचं आहे असं ती म्हणते, तर कॉलेजला गेल्यावर कुणाचं, हे तिलाच विचारलं. "बाबांचं," म्हणाली. बाबा गप्प आहेत. या थंडीत ते आतच राहील आणि मार्चपर्यंत आम्ही ठरवू. ठेवायचं नाही असं ठरलं तर लहान असतानाच चांगलं घर शोधू. गिल्बर्टकर, तेव्हा तुमची मदत लागेल.

कण्हेर आजच काढायला सांगितली. टेम्पेकर, तुमच्याकडे फोमच्या शीट उरल्यात का? पेटी नाही, तरी घरातल्या टबाखाली घालायला एक हवी होती.

टेम्पेकर:

दोन आहेत, गॅरेजमध्ये उभ्या. आठ फुटी आहेत, सेडानमध्ये मावणार नाहीत, व्हॅन आणा किंवा येताना मोजमाप आणा, मी कापून ठेवतो. रविवारी दुपारी घरीच आहे.