कांदा तोडून ढाका नमत नाही, लासलगावचा भाव मात्र पडतो

चाळकरी
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "बांगलादेशाला जाणारा कांदा तोडा, आठ दिवसांत वठणीवर येतील." डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय. निर्यातबंदी घालून तीनदा तोडून झालाय: २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२०, ८ डिसेंबर २०२३. तिन्ही वेळा ढाक्याशी भांडण नव्हतं. आपल्या शहरांतला किरकोळ भाव चढला, एवढंच. २०१९ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की आधी थोडं कळवायला हवं होतं. म्हणजे मित्राच्या सरकारलाही आगाऊ निरोप नव्हता.

२०२० मध्ये बंगालच्या सीमेवर पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूरच्या नाक्यांवर भरलेले ट्रक उभे राहिले. सप्टेंबरचा कांदा म्हणजे चार-पाच महिने कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा. बंगालच्या दमट हवेत ताडपत्रीखाली तो तापतो, कोंब फुटतात, गोणीच्या तळातून पाणी सुटतं. नंतर २५ हजार टनांना खास परवानगी मिळाली, तोवर बराच माल सडला होता. ढाक्याने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन गाठलं आणि आपल्याच पाबना-फरीदपूर जिल्ह्यांतली कांद्याची लागवड वाढवली. गिऱ्हाईक आपणच घालवलं.

पेट्रापोल
अर्धीच बाजू मांडलीत. ढाका काय करतं? तिथलं कृषी खातं 'आयपी' म्हणजे आयात परवाना देतं तेव्हाच माल आत जातो. त्यांचा कांदा निघाला की परवाने बंद. २०२३ मध्ये मार्चपासून बंद होते, जूनमध्ये उघडले. आणि इजिप्तचा कांदा जहाजाने यायला आठवडे लागतात, नाशिकचा ट्रक काही दिवसांत पोचतो. भाव भडकला की ते परत आपल्याच दारात येतात. ग्राहकाला महाग कांदा खायला लावून कोणतं सरकार टिकलंय?

चाळकरी
आयपीचा हंगाम व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असतो, त्या हिशेबाने तो खरेदी करतो. आपली अधिसूचना रात्रीत निघते. फरक तिथे आहे.

संत्रापट्टा
कांद्यावर सगळे बोलतात, वरूड-मोर्शीच्या संत्र्यावर कोण बोलणार? नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. त्यांचं आयातशुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपये होतं, २०२३ मध्ये ८८ झालं. अंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होतं. झाडावर ठेवलं तर साल पोकळ होते, गळ लागते. तोडलं तर ठेवायला चाळ नाही. कांदा अडवल्याचा सूड आमच्या बागांवर निघाला. तुमच्या कांद्यापायी आम्ही मेलो.

पेट्रापोल
सूड कसला! मे २०२२ मध्ये त्यांनी डॉलर वाचवायला शंभरहून जास्त आयात वस्तूंवर जादाचं 'नियामक शुल्क' लावलं, फळांवर २० टक्के. ते सगळ्या देशांच्या फळांना होतं. चीनच्या सफरचंदाने कुठला कांदा अडवला होता?

संत्रापट्टा
तुम्ही कागद वाचता, आम्ही भाव बघतो. शुल्क २०२२ च्या आधीपासून दरवर्षी वाढत होतं, त्याला डॉलरटंचाई कशी लावता? आणि राज्याने २०२३ अखेरीस किलोमागे ४४ रुपये, म्हणजे निम्मं शुल्क, सोसायचं ठरवलं. आपल्या तिजोरीतून परक्या देशाचं शुल्क भरायचं, यालाच परराष्ट्र धोरण म्हणायचं का? ढाक्याशी एकदा तरी संत्र्यावर रोखठोक बोला.

पेट्रापोल
२०२२ आधीच्या वाढीबद्दल तुमचं खरं, ती डॉलरटंचाईत बसत नाही. सुडाला पुरावा मात्र अजूनही नाही. आणि "तुम्ही कागद वाचता" ही भाषा नको.

सूतगिरणी
संत्र्यावरून मुद्दा भरकटला. 'व्यापारी हितसंबंध' एकसंध कधीच नसतात. एप्रिल २०२५ मध्ये ढाक्याने आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांतून बंद केलं, कारण त्यांच्या सूतगिरण्यांची मागणी होती. तोटा त्यांच्याच तयार कपडेवाल्यांचा. १७ मे रोजी आपण त्यांचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून येऊ द्यायचं ठरवलं. आपले कपडेवाले सुखावले. सूत विकणारे आपले गिरणीवाले तसेच अडकले. दोन्हीकडे ज्याचं वजन जास्त, त्याचं चाललं.

चाळकरी
हेच तर! गोड्डा बघा. झारखंडातला अदानींचा १६०० मेगावॉटचा प्रकल्प, २०१७ चा २५ वर्षांचा करार, सगळी वीज बांगलादेशाला. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना देश सोडून गेल्या, १२ ऑगस्टला आपल्याकडे नियम बदलला: पैसे थकले तर वीज भारतात विकता येईल. एका आठवड्यात संरक्षण! कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, नाशिकच्या बाजार समित्या बंद पडल्या, तरी ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

पेट्रापोल
वीज साठवता येत नाही, घेणारा एकच होता, करार लेखी होता. कांद्याशी तुलना चुकीची आहे.

चाळकरी
लाल कांदाही महिनाभरापलीकडे टिकत नाही. लेखी कराराचं मान्य, नाइलाजाने. मग कांद्यालाही तसा करार करा: ढाक्याशी वर्षाचा ठरलेला कोटा, आणि बंदी आलीच तर बाजार समितीतून निघून रस्त्यावर असलेल्या मालाला सूट.

पेट्रापोल
सूट ठीक. कोट्याला माझा विरोध कायम. दुष्काळी वर्षात तो कोटा कुणाच्या ताटातून काढणार, ते आधी सांगा.