बेंटोनाइट रिअ‍ॅक्टिव्ह रंग का ओढत नाही?

निळू_एमएस्सी: पाण्यातला रंग मातीनं ओढून काढायचा प्रोजेक्ट आहे, त्याला कच्छचं बेंटोनाइट घेतलंय. मिथिलीन ब्लू हा निळा रंग टाकला की पाणी बघता बघता नितळ, पण इचलकरंजीकडं सुती कापडाला वापरतात तसला रिअ‍ॅक्टिव्ह रंग टाकला तर ढिम्म काही होत नाही. माती खराब आलीय का?

गाळणी: माती बरी आहे रे, चार्ज बघ की. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, त्याच्या थरांवर निगेटिव्ह चार्ज आणि मधे सोडियम-कॅल्शियम बसलेले, मिथिलीन ब्लू पॉझिटिव्ह म्हणून त्यांना हुसकावून आत घुसतो, तुझा रिअ‍ॅक्टिव्ह निगेटिव्ह, त्याला कोण दारात उभं करणार!

निळू_एमएस्सी: मग केओलिन (पांढरी चिनी माती) घेऊ? स्वस्त मिळतंय

गाळणी: नको, त्याची आयन अदलाबदल (चार्जवाले कण बदलून घ्यायची ताकद) 100 ग्रॅमला 3 ते 15 मिलिइक्विव्हॅलंट, मॉन्टमोरिलोनाइटची 80 च्या पुढं.

जुना_केमिस्ट: मातीला सीटॅब (पॉझिटिव्ह चार्जचं साबणासारखं रसायन) लावून बघ, त्याचं प्रमाण माती​च्या आयन अदलाबदलीपेक्षा जास्त ठेवलं की पृष्ठभाग पॉझिटिव्ह होतो. पण नंतर धू भरपूर, सुटलेला सीटॅब माशांना विषारी. आणि बारीक माती खाली बसत नाही, सेंट्रीफ्यूज न करता रंगाचं रीडिंग घेतलंस तर गढूळपणाच मोजशील