पितळी पाठीची करवत घरी घडवायची आहे : पाते, पाठ, मूठ आणि दात यांविषयी मार्गदर्शन हवे

हौशी_सुतार (पुणे)

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी एकत्र जमून लाकूडकाम करतो. रंधा आणि पटाशीला धार लावणे आता सर्वांना जमू लागले आहे, पण करवतीपाशी आमचे घोडे अडते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की त्यांच्यावर कानस चालतच नाही, आणि ते बोथट झाले की अख्खी करवत टाकून द्यावी लागते. म्हणून प्रत्येकाने स्वतःसाठी एकेक करवत तयार करावी, साहित्य मात्र एकत्र आणावे, असे ठरले आहे.

जाणकारांना काही गोष्टी विचारायच्या आहेत. पात्याला पाणी देण्यासाठी, म्हणजे ते तापवून कडक करण्यासाठी, भट्टी लागेल का? सुरुवात लांब हातकरवतीपासून करावी की डव्हटेल जोडासाठी (दोन फळ्यांच्या टोकांना पंख्यासारखे दात कापून ते एकमेकांत अडकवतात तो जोड) वापरतात त्या लहान, पाठीला पितळी पट्टी असलेल्या करवतीपासून? ती पट्टी कशी बसवतात? आणि दात हाताने पाडता येतात का, की त्यासाठी यंत्रच हवे?

भोसरीचा_फिटर

भट्टीचा विचार सोडून द्या. अर्ध्या मिलिमीटरचे पाते घरी तापवून तेलात बुडवले, तर ते पापडासारखे वेडेवाकडे होते आणि पुन्हा सरळ करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आधीच कडक करून टेम्पर दिलेली (म्हणजे ठिसूळपणा जाऊन लवचीकपणा येईल इतकी पुन्हा तापवलेली) स्प्रिंग स्टीलची पट्टी विकत मिळते, तीच आणावी. १०९५ किंवा सी-८० या पोलादाच्या प्रतींसारखी, साधारण ०.८ ते ०.९५ टक्के कार्बन असलेली पट्टी चालते. तिचा कडकपणा रॉकवेल सी या धातूंचा कडकपणा मोजण्याच्या मापनात ५० च्या आसपास असावा, कारण कानशीचा कडकपणा ६० च्या वर असतो आणि या दोघांतील अंतरावरच करवतीला पुन्हा पुन्हा धार लावता येणे अवलंबून आहे.

जाडीच्या बाबतीत, डव्हटेलच्या करवतीसाठी ०.५ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या, पाठीच्याच करवतीसाठी ०.६ ते ०.६५ मिलिमीटर पुरे. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि गुलालवाडीच्या बाजूला चौकशी करा. पट्टी गुंडाळीतून कापून दिली जात असल्यामुळे पाच जणांनी मिळून एकच लांब तुकडा घेतलेला परवडतो. लाकडाच्या वखारीतून बाद झालेल्या बँडसॉच्या (चाकांवर फिरणाऱ्या पट्टा-करवतीच्या) पट्ट्यांचे पोलाद उत्तम असते, परंतु रुंद पट्ट्या बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतात आणि लहान करवतीला त्या जड पडतात. यंत्रावर चालणाऱ्या हॅकसॉच्या हायस्पीड स्टील पात्याच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्याच्यावर कानस फक्त घसरत राहील.

पट्टी ग्राइंडरने कापू नका. कड निळी पडली म्हणजे तेथील टेम्पर उतरले असे समजावे. फॅब्रिकेशनच्या दुकानात शीअरिंग यंत्रावर (पत्रा कात्रीसारखा कापणाऱ्या यंत्रावर) कापून घ्यावी आणि दात पाडण्यासाठी नवी कापलेली नव्हे, तर पट्टीची मूळ कारखान्यातील सरळ कड राखून ठेवावी, कारण शीअरने कापलेली कड किंचित वळलेली असते. बोल्टसाठी छिद्रे पाडताना पाते दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट आवळून कोबाल्ट किंवा कार्बाइडचे ड्रिल सावकाश चालवावे. साधे ड्रिल तेथे टिकत नाही.

लांब हातकरवत पहिल्या खेपेला करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला पाठ नसते, त्यामुळे पात्याचा सरळपणा हातोडीने ठोकून आणलेल्या ताणावर अवलंबून असतो, आणि चांगल्या प्रतीचे पाते दातांपासून वरच्या कडेकडे पातळ होत गेलेले असते. हे दोन्ही घरच्या साधनांनी साधत नाही. पाठीच्या करवतीत ती जबाबदारी पितळ उचलते. ६ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर लांब पितळी पट्टी घ्या. तिचे वजन सुमारे पाव किलो भरते, आणि हेच वजन कापताना करवतीला खाली दाबते. टूलरूममध्ये मिलिंग यंत्रावर पात्याच्याच जाडीच्या स्लिटिंग सॉने (पातळ गोल कटरने) तिच्यात १० मिलिमीटर खोल खाच पाडून घ्या आणि पाते इपॉक्सीने बसवा.

यॉर्कशायरकर

वरील मार्गदर्शन मोलाचे आहे, पण पाठीच्या बाबतीत मी दुसरी बाजू मांडतो. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात हॉली संग्रह म्हणून हत्यारांचा मोठा ठेवा आहे. मी तिथून फार लांब राहत नाही. जुन्या शेफील्ड करवतींची पाठ पाहिली तर ती बहुधा खाच पाडलेली नसून पितळेची किंवा लोखंडाची पट्टी लांबीतून दुमडून केलेली असते. पाते त्या दुमडीत निव्वळ दाबाने धरलेले असते, डिंक किंवा इपॉक्सी काहीही नसते.

याचा उपयोग करवत पडल्यावर कळतो. पात्याला लाट आली, म्हणजे दातांची रेघ डोळ्यांसमोर धरून पाहिल्यावर ती नागमोडी दिसू लागली, की पाठीवर टोकाकडून हलकेच ठोकून पाते तिच्यात किंचित सरकवता येते आणि पुष्कळदा ती लाट निघून जाते. इपॉक्सीने कायमचे चिकटवलेले पाते असे सरकत नाही. बदलायचे झाले तर पाठ तापवावी लागते, आणि त्या उष्णतेची पात्याला भीती असते. दुमडलेली पाठ घरी करणे अवघड आहे हे मान्य, कारण पितळ आधी तापवून मऊ करावे लागते आणि दुमड लांबीभर सारख्या दाबाची यावी लागते. म्हणून मधला मार्ग सुचवतो. खाचच पाडा, पण ती अशी नेमकी ठेवा की पाते हाताच्या दाबाने घट्ट जाईल, आणि इपॉक्सीऐवजी फक्त मुठीकडच्या टोकाला मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावतात त्या चिकट द्रवाचा) एखादा थेंब वापरा.

सावंतवाडीकर

मुठीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून चार शब्द. इंग्लंडमध्ये मुठीसाठी बीच आणि सफरचंदाचे लाकूड वापरत, आपल्याकडे शिसवी किंवा बाभूळ उत्तम, आणि हलक्या रंगाची आवड असेल तर हेदू बारीक पोताचा असल्यामुळे कोरायला सोपा जातो. नवे लाकूड घेण्याऐवजी जुन्या पलंगाचा शिसवी पाया मिळाला तर तो पूर्ण वाळलेला असतो आणि पुढे फाटत नाही. ठोकळा २२ मिलिमीटर जाडीचा घ्यावा.

लाकडाच्या रेषांची दिशा पाहिल्याशिवाय आकृती आखू नये. मूठ तुटते ती नेहमी पकडीच्या सर्वांत अरुंद जागी, म्हणून तेथे रेषा लांबीने धावतील अशा बेताने नमुना ठोकळ्यावर फिरवून ठेवावा, मग मुठीच्या टोकाला पुढे आलेल्या शिंगाकडे थोडी तडजोड झाली तरी हरकत नाही. पात्यासाठीची फट, पाठीसाठीचे भोक आणि बोल्टची छिद्रे हे सर्व ठोकळा चौरस असतानाच करून घ्यावे. एकदा गोलाई दिली की गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) टेकवायला जागा उरत नाही. पकड तीन बोटांची असते आणि तर्जनी पुढे पात्याच्या दिशेने राहते, हे लक्षात ठेवून आतली गोलाई स्वतःच्या हाताच्या मापाने कानशीने घासत जावे. बाजारातल्या मुठी बहुतेक सरसकट मोठ्या असतात, आणि स्वतः करवत घडवण्याचे निम्मे सुख मला तरी या मापात आहे.

आमच्याकडच्या पावसात पाते एका रात्रीत तांबूस होते. काम झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवून ठेवावे.

कानस_एके_कानस (नागपूर)

दात हातानेच पाडता येतात. इंचाला १४ दात धरले, तर दोन दातांमधील अंतर १.८ मिलिमीटर येते. संगणकावर तेवढ्या अंतराच्या रेघांची पट्टी काढून छापा, आणि छापलेली लांबी पोलादी पट्टीने मोजून पाहा, कारण प्रिंटर पुष्कळदा आकार परस्पर थोडा कमी करतो. ती छापील कागदी पट्टी कडेलगत चिकटवून पाते दोन लाकडी फळ्यांमध्ये व्हाइसला असे धरा की जेमतेम दातांपुरती कड वर राहील. पाते जास्त वर राहिले की कानस किंचाळते आणि थरथरते.

कानस ६० अंशांची त्रिकोणी, ४ इंची आणि शक्य तितकी बारीक हवी, परंतु तिची प्रत्येक बाजू दाताच्या उताराच्या दुपटीहून थोडी अधिक रुंद असावी. म्हणजे आपल्या हिशेबाने ३.६ मिलिमीटरपेक्षा जास्त. असे असले तर कानस फिरवून तिन्ही कडा सारख्या वापरता येतात. पहिल्या फेरीत प्रत्येक रेघेवर कानशीचा एकच फटकारा मारून नुसती खूण करावी. चूक झाली तर ती इथेच सुधारता येते, म्हणून दात खोल करण्याची घाई करू नये. पुढच्या फेऱ्यांमध्ये दातांच्या माथ्यावर उरलेला चकाकणारा सपाट भाग पाहत जावे. ज्या दाताचा माथा रुंद राहिला असेल त्याच्या अंगाला कानस किंचित दाबावी, अरुंद असेल त्यापासून दूर ठेवावी, आणि माथा जेमतेम नाहीसा होताच थांबावे.

डव्हटेलची करवत लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापते, म्हणून कानस पात्याला काटकोनात चालवावी, तिरकी नको. दाताची पुढची बाजू अगदी उभी ठेवली तर करवत जोरात खाते पण सुरू करताना अडखळते. नवख्यांनी ती ५ ते ८ अंश मागे झुकवावी. कानशीच्या टोकाला तेवढ्या कोनाचा लाकडी ठोकळा बसवला की कोन हलत नाही.

हौशी_सुतार (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लहान करवतीपासूनच सुरुवात करू, आणि पाठ यॉर्कशायरकरांनी सांगितल्याप्रमाणे इपॉक्सीविना बसवून पाहू. एकच शंका उरली आहे. दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किती वाकवावेत? आणि करवत एका बाजूला ओढू लागली तर काय करावे?

कानस_एके_कानस (नागपूर)

वाळलेल्या लाकडासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या पात्याला प्रत्येक बाजूस ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर पुरे. हे डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही, आणि बहुतेक जण इथेच अति करतात. बारीक दातांसाठीचा सॉ सेट (दात वाकवण्याचा चिमटा) वापरून फक्त दाताचा वरचा अर्धा भाग वाकवावा. मुळापासून वाकवला तर तो तुटण्याचा संभव असतो.

मग एका फळीवर रेघ मारून कापून पाहा. करवत ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचे दात अधिक बाहेर आले आहेत असे समजून बारीक तेलदगड (तेल लावून वापरायचा धारेचा दगड) पात्याला सपाट टेकवून त्या बाजूने मुठीपासून टोकापर्यंत एकदाच फिरवावा, आणि पुन्हा कापून पाहावे. दोनदा फिरवण्याचा मोह आवरा, कारण घासून कमी झालेला दातांचा वाक परत आणायचा म्हणजे सगळे दात पुन्हा वाकवावे लागतात.